स्क्रीन मोठी, लक्षण खोटं: डॅशबोर्ड आणि गाडीतला रेडिओ निवडताना

शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीची स्क्रीन नेहमीच झकास दिसते. गाडी हलत नसते, काचेवर ऊन नसतं, बोट हवं तिथेच टेकतं आणि कुठला मेनू कुठे दडलाय ते सांगायला विक्रेता शेजारी बसलेला असतो. खरी परीक्षा पुढे असते. रात्रीची वेळ, पाऊस, ताशी ऐंशीचा वेग आणि पुढची काच आतून धुरकट झालेली. ती साफ करायला किती सेकंद लागतात, आणि त्यातले किती सेकंद नजर रस्त्यावर नसते? डॅशबोर्ड कसा आहे हे ठरवायला एवढा एक प्रश्न पुरतो.

कौल आधीच सांगून टाकतो. नकाशा, मागचा कॅमेरा, फोनची जोडणी आणि वर्षातून एकदा बदलायच्या सेटिंग यांना स्क्रीनच हवी. आवाज, तापमान, ब्लोअर, पुढच्या-मागच्या काचेवरचं बाष्प, वायपर, हॅझार्ड आणि रेडिओचं पुढचं-मागचं स्टेशन यांना हाताला लागणारं बटण हवं. मधे आठ-दहा इंची स्क्रीन आणि तिच्याखाली बटणांची एक ओळ, अशी मांडणी आज सगळ्यात शहाणी. सगळंच काचेत कोंबलेला डॅशबोर्ड, मग तो कितीही गुळगुळीत असो, या कामात नापास होतो. आणि रेडिओ चांगला की वाईट हे स्क्रीनच्या आकारावर जवळपास कधीच अवलंबून नसतं. ते अँटेना आणि ट्यूनरवर (स्टेशन पकडणाऱ्या भागावर) ठरतं.

काचेवर चाचपडता येत नाही

बटण आणि टच यांच्यातला मूळ फरक लोक ‘सवयीचा भाग’ म्हणून सोडून देतात. तो सवयीचा नाही. बटण शोधणं आणि बटण दाबणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. बोट आधी चाचपडतं, कडा लागते, खाच लागते, ‘हेच ते’ असं कळतं आणि मग जोर दिला जातो. टचस्क्रीनच्या कपॅसिटिव्ह (बोटाचा नुसता स्पर्श ओळखणाऱ्या) काचेवर स्पर्श म्हणजेच दाबणं. चाचपडायला गेलात की काहीतरी चालू झालंच. त्यामुळे नेम धरायला डोळेच लागतात, दरवेळी लागतात, दहा वर्षं तीच गाडी चालवली तरी लागतात. दाबल्यावर काच हलकी थरथरते असे प्रकार आलेत, पण ती थरथर दाबून झाल्यावर येते. शोधायला तिचा काही उपयोग नाही.

दुसरी अडचण हाताच्या टेकणाची. नॉब धरला की हाताला आधार मिळतो, गाडी उसळली तरी बोटं नॉबसोबतच हलतात. स्क्रीनकडे लांबवलेला हात अधांतरी असतो. खड्ड्यात चाक गेलं की बोट शेजारच्या चौकोनावर. म्हणून स्क्रीनच्या खालच्या कडेला बोटं टेकवण्यापुरतं ओठासारखं पुढे आलेलं प्लास्टिक आहे का ते बघा. अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे, पण खराब रस्त्यावर तिने फार फरक पडतो.

हे विमानवाल्यांना दुसऱ्या महायुद्धातच कळलं होतं. बी-१७ बॉम्बर उतरल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप आत घ्यायला जात आणि चाकंच आत घेत, कारण दोन्ही खटके शेजारी आणि सारखेच. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चापानिस यांनी चाकांच्या खटक्यावर रबरी चाक आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा बसवायला लावला. न बघता हाताला ओळख पटली आणि चूक थांबली. जहाजांवरही तोच धडा पुन्हा गिरवावा लागला: २०१७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘जॉन एस. मॅकेन’ या युद्धनौकेची टक्कर झाल्यावर चौकशीत टचस्क्रीनवरच्या गोंधळात टाकणाऱ्या नियंत्रणांवर बोट ठेवलं गेलं आणि २०१९ मध्ये नौदलाने वेगासाठी पुन्हा हाताने सरकवायचे दांडे बसवायचं ठरवलं.

गाड्यांपुरता सगळ्यात बोलका पुरावा २०२२ चा. ‘वी बिलॅगारे’ या स्वीडिश मासिकाने अकरा नव्या गाड्या आणि एक २००५ ची व्होल्वो व्ही-७० धावपट्टीवर ताशी ११० किमी वेगाने चालवून बघितली. सीटची ऊब लावणं, तापमान दोन अंशांनी वाढवणं, काचेवरचं बाष्प घालवणं, रेडिओ लावून ठरावीक स्टेशन पकडणं, ट्रिप मीटर शून्यावर आणणं, मीटरचा उजेड मंद करणं अशी कामं दिली. चालकांना आधी सरावाला वेळही दिला होता. जुन्या व्होल्वोत सगळं १० सेकंदांत उरकलं. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. एमजी मार्व्हल आर या गाडीत ४४.९ सेकंद लागले, अंतर १,३७२ मीटर. म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त रस्ता अर्धवट लक्षात.

याच्या शेजारी अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाची २०१३ ची ऐच्छिक मार्गदर्शक सूचना ठेवून बघा: एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये आणि एका कामाला एकूण बारा सेकंदांवर लागू नयेत. ताशी ८० च्या वेगात दोन सेकंद म्हणजे ४४ मीटर. ‘एवढं एकदा बघून घेतो’ म्हणताना रस्त्यावरचं चित्र पूर्ण बदलायला तेवढं अंतर पुष्कळ झालं.

मग कंपन्यांनी हे केलंच का? ग्राहकाला आवडतं हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं हिशेबाचं. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, कनेक्टर लागतो, हजारो वेळा दाबून चाचणी लागते, आणि गाडी बाजारात येण्याच्या कितीतरी आधी त्याची जागा ठरवावी लागते. स्क्रीनवरचं बटण शेवटच्या आठवड्यातही हलवता येतं. त्यात मागचा कॅमेरा आला: अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे, म्हणजे स्क्रीन बसवावी लागणारच. आता ती आहेच, तर एसीची बटणंही तिच्यात टाकू, असा तो प्रवास. तसा हा खेळ जुना आहे. १९८६ च्या ब्यूक रिव्हिएरात टीव्हीसारख्या काचनळीची टचस्क्रीन होती, रेडिओ आणि एसी तिच्यातच; काही वर्षांतच ती गुंडाळली गेली. २०१२ मध्ये टेस्ला मॉडेल एसने १७ इंची उभी स्क्रीन लावली आणि सगळ्यांनी पुन्हा तीच वाट धरली.

आता काटा थोडा उलटा फिरतोय. फोक्सवॅगनच्या गोल्फ आणि आयडी-३ मध्ये तापमान-आवाजाच्या घासायच्या पट्ट्यांना सुरुवातीला रात्री उजेडच नव्हता, एवढी ओरड झाली की नंतरच्या आवृत्तीत तो द्यावा लागला, आणि पुढच्या गाड्यांत महत्त्वाच्या कामांची खरी बटणं परत आणू असंही कंपनीने जाहीर केलं. नव्या गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेच्या २०२६ पासूनच्या नियमावलीत इंडिकेटर, हॅझार्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना वेगळं, हाताने चालणारं नियंत्रण नसेल तर गुण जातात. यादीत काचेवरचं बाष्प नाही, ही मात्र चुटपुट लावणारी गोष्ट.

मधले पर्याय

गोल फिरवायचा कंट्रोलर हा टच आणि बटण यांच्यामधला तोडगा. बीएमडब्ल्यूने २००१ च्या सेव्हन सिरीजमध्ये आयड्राइव्ह आणला तेव्हा लोक वैतागले, कारण एकाच नॉबच्या पोटात सगळा संसार होता. पुढे नॉबभोवती नकाशा, रेडिओ, फोन, मागे अशी थेट बटणं आली आणि प्रकार मार्गी लागला. माझदाने २०१९ च्या माझदा-३ मध्ये टच सरळ काढूनच टाकला आणि कंट्रोलर ठेवला. यादी वरखाली करायला हा प्रकार उत्तम: तीन टिचक्या म्हणजे तिसरं स्टेशन, हे बोटांना पाठ होतं. पत्ता टाइप करायला मात्र जीव जातो, आणि फोनवरून येणारे नकाशे बोटाने सरकवायच्या हिशेबाने बनलेले असल्याने त्यांच्यावर नॉब अडखळतो.

आवाजी हुकूम पत्ता सांगायला आणि कुणाला तरी फोन लावायला चांगला. तापमान दोन अंश वाढवायला तो हास्यास्पद आहे: बटण दाबा, टुंग आवाजाची वाट बघा, वाक्य बोला, त्याने चुकीचं ऐकलं की पुन्हा बोला. तोवर नॉबने काम होऊन गेलं असतं. काही गाड्यांत ओळख सर्व्हरवर होते, म्हणजे नेटवर्क गेलं की गाडी बहिरी.

स्टीअरिंगवरची बटणं सगळ्यांत कामाची, पण तीही दाबायची असतील तर. तिथे टचचे गुळगुळीत पॅड असतील तर वळण घेताना तळहात लागून आवाज अचानक चढतो.

बिघडतं काय

बटणांचे आजार स्वस्त असतात. नॉब फिरवल्यावर आवाज वर जाण्याऐवजी खाली उडी मारतो, हा नेहमीचा. कारण आतल्या रोटरी एन्कोडरच्या (नॉब किती फिरला ते ओळखणाऱ्या भागाच्या) पात्यांवर मळ आणि झीज. डेक, म्हणजे डॅशबोर्डमधला रेडिओचा डबा, बाहेर काढून, वीज तोडून, नॉब उपसा. दांड्याच्या मुळाशी इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या कॉन्टॅक्ट क्लीनरचे एक-दोन फवारे मारा, वीस-तीस वेळा दोन्हीकडे फिरवा, पूर्ण वाळू द्या. तेलकट गंजरोधक फवारा इथे नको, तो धूळ धरतो. यानेही भागलं नाही तर एन्कोडर बदलायचा: बहुतेकांना पाच पाय असतात, तीन फिरण्याचे आणि दोन दाबण्याचे. सोल्डरिंग येणाऱ्याला अर्ध्या तासाचं काम. उरलेल्या तक्रारी म्हणजे बटणावरची अक्षरं पुसली जाणं आणि मागचा दिवा जाणं.

स्क्रीनचे आजार महाग. उन्हात उभ्या गाडीत थरांमधला डिंक सुटतो, बुडबुडे येतात, आणि टचचा थर बिघडला की भूत शिरल्यासारखी आपोआप बटणं दाबली जातात. कडाक्याच्या थंडीत एलसीडी सुस्तावते, चित्र मागे राहतं. बऱ्याच गाड्यांत स्क्रीनमागचा संगणक त्या गाडीच्या क्रमांकाशी बांधलेला असतो. भंगारातून तोच भाग आणून लावला तरी कोडिंगशिवाय चालत नाही.

आणि मग सॉफ्टवेअर. २०२१ मध्ये टेस्लाला सुमारे १,३५,००० मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्या परत बोलवाव्या लागल्या. स्क्रीनच्या संगणकातली ८ जीबीची फ्लॅश मेमरी सतत लिहून-पुसून झिजत होती. ती गेली की स्क्रीन काळी, मागचा कॅमेरा बंद, काचेवरचं बाष्प घालवायची सेटिंगही गायब. मेमरी चिप ही टायरसारखी झिजणारी वस्तू आहे, हे गाडीच्या भाषेत तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना कळलं असावं. २०२२ च्या जानेवारीत सिएटलला त्याहून विचित्र घडलं. ९४.९ वरच्या एका सार्वजनिक रेडिओ केंद्राने एचडी रेडिओवरून (तिथल्या डिजिटल प्रक्षेपणावरून) जी चित्रं पाठवली, त्यांच्या फाइलच्या नावाला ‘.jpg’ सारखं शेपूट नव्हतं. २०१४ ते २०१७ च्या काही माझदा गाड्यांतली यंत्रणा ती गिळता न आल्याने पुन्हा पुन्हा सुरू होत राहिली आणि रेडिओ त्याच स्टेशनवर अडकला. उपाय एकच, अख्खं युनिट बदलणं. जुन्या डेकला कुठलं स्टेशन ऐकून अशी बाधा झाल्याचं उदाहरण नाही.

नेटवर जगणाऱ्या सोयींनाही वय असतं. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झाल्यावर त्याआधीच्या कितीतरी गाड्यांतल्या जोडलेल्या सेवा एका रात्रीत मुक्या झाल्या. गाडी दहा-पंधरा वर्षं चालते, फोनचं जाळं तेवढं थांबत नाही. म्हणून नकाशा आणि गाणी फोनवरून स्क्रीनवर येणं हा टिकाऊ मार्ग, कारण फोन बदलला की सगळं नवं होतं. हे काम करणारं अ‍ॅपलचं कारप्ले २०१४ ला आलं, गूगलचं अँड्रॉइड ऑटो त्याच्या पुढच्या वर्षी, आणि त्या काळातल्या स्क्रीन आजही उपयोगी आहेत ते त्यामुळेच. जनरल मोटर्सने २०२३ मध्ये आपल्या पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांतून हे दोन्ही काढायचं जाहीर केलं, तो निर्णय खरेदीदाराच्या सोयीचा म्हणता येत नाही.

रेडिओ: कान कुठे आहेत ते बघा

एफएम अजूनही सगळ्यात कमी कटकटीचं. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ, लहर साधारण तीन मीटरची. उंच इमारतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरीला मारतात आणि सिग्नलला थांबलं की खरखर सुरू होते. गाडी हातभर पुढे घेतली की आवाज स्वच्छ. हा रेडिओचा दोष नाही, पण चांगला ट्यूनर अशा वेळी आवाज हळूच मोनोकडे नेतो आणि वरचे सूर दाबतो, वाईट ट्यूनर कानात वाळू ओततो. दोन अँटेना आलटूनपालटून वापरणारी ‘डायव्हर्सिटी’ यंत्रणा असेल तर फरक ठळक जाणवतो.

आरडीएस (एफएमसोबत केंद्राची माहिती पाठवणारी सोय) असलेल्या प्रदेशात एएफ, आरईजी आणि टीए या तीन सेटिंगचा खेळ समजून घ्या. एएफ चालू असेल तर गाडी पुढे जाईल तसा रेडिओ त्याच केंद्राची जोरकस फ्रिक्वेन्सी स्वतः शोधतो. स्टेशन मधेच दुसऱ्या जिल्ह्याच्या बातम्यांवर उड्या मारत असेल तर आरईजी चालू करा, म्हणजे तो आपल्या प्रादेशिक आवृत्तीला धरून राहतो. टीए चालू ठेवलं की रहदारीच्या सूचनेला गाणं थांबतं. ‘रेडिओ मधेच मोठ्याने ओरडतो’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच बटण.

एएम, म्हणजे मध्यम लहरी, रात्री शेकडो किलोमीटरवरून येतात आणि नेटवर्क कोसळल्यावरही चालतात. इलेक्ट्रिक गाडीत मात्र मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, त्याची खरखर नेमकी याच पट्ट्यात पडते. पुरेसं आवरण आणि फिल्टर लावले तर ती रोखता येते, पण त्याला खर्च आहे, म्हणून काहींनी एएमच काढलं. फोर्डनेही २०२३ मध्ये तसं ठरवलं आणि टीका झाल्यावर काही आठवड्यांत माघार घेतली. एएम ऐकणाऱ्याने इलेक्ट्रिक गाडी घेताना ती चालवून, वेग वाढवताना ऐकून मगच ठरवावं. उभ्या गाडीत एएम नेहमीच बरं लागतं.

डीएबी प्लस हा डिजिटल रेडिओ जिथे आहे तिथे खरखर नाही, स्टेशनं जास्त आणि नावानिशी यादी. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचं एफएम बंद केलं, स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक केंद्रांनी २०२४ च्या अखेरीस. युरोपीय संघात डिसेंबर २०२० पासून नव्या गाडीच्या रेडिओला डिजिटल प्रक्षेपण पकडता येणं बंधनकारक आहे. त्रुटी एवढीच की सिग्नल कमी झाला की एफएमसारखा आवाज हळूहळू विरत नाही. आधी पाण्यात बुडबुडे आल्यासारखा होतो आणि मग एकदम शांतता. डीएबी गेल्यावर एफएमवर उडी मारायची सोय बहुतेकांत असते, पण दोन्हींत काही सेकंदांचं अंतर असल्याने वाक्य दोनदा ऐकू येतं किंवा गिळलं जातं. वैताग आला तर ही जोडणी सेटिंगमधून बंद करा.

उत्तर अमेरिकेत एचडी रेडिओ आणि उपग्रहावरचा सिरियसएक्सएम हे पर्याय आहेत. उपग्रह लांबच्या मोकळ्या रस्त्यावर अप्रतिम. दाट झाडी, बोगदा आणि तळघरातलं पार्किंग इथे गप्प. वर्गणी थांबवली की जवळपास सगळं थांबतं.

फोनवरून इंटरनेट रेडिओ ऐकायचा तर हिशेब सोपा: १२८ केबीपीएसचा प्रवाह तासाला सुमारे ५८ एमबी खातो. लहान बोगद्यात साठवलेल्या आवाजावर निभावतं. पण हेही लक्षात ठेवा की कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटोच्या पडद्यावर गाडीचा एफएम सहसा नसतो. नकाशा समोर असताना स्टेशन बदलायला आधी गाडीच्या मेनूत परत जावं लागत असेल, तर प्रत्येक वेळी तीन-चार टच झाले. स्टीअरिंगवरचं पुढचं-मागचं बटण नकाशा न हलवता स्टेशन बदलतं का, हे गाडी घेण्याआधी करून बघा. यासाठी कुठल्याही माहितीपत्रकात रकाना नसतो.

जपानहून आलेल्या वापरलेल्या गाडीत वेगळीच गंमत. तिथला एफएम पट्टा ७६ पासून सुरू होतो आणि जुने रेडिओ ९० च्या आसपास संपतात, म्हणून बाहेरची निम्मीअधिक स्टेशनं लागतच नाहीत. अँटेनाच्या वायरीत बसणारा बँड एक्स्पांडर हा जुगाड आहे: तो सगळा पट्टा खाली सरकवतो, स्टेशनं मिळतात, पण स्क्रीनवर आकडे चुकीचे आणि दूरची केंद्रं कमकुवत. डेक बदलणं हाच खरा उपाय. प्रदेशाची सेटिंगही तपासा. अमेरिकेच्या सेटिंगमध्ये एफएम ०.२ च्या पावलांनी विषम दशांशावर थांबतं, म्हणून ९८.४ मिळणारच नाही. एएमची पावलं तिथे १० किलोहर्ट्झची, इतरत्र बहुतेक ठिकाणी ९ ची.

बाहेरचा डेक बसवायचा तर

डॅशबोर्डमध्ये प्रमाणित खाच असेल तर नशीब समजा. सिंगल डिन १८० × ५० मिमी, डबल डिन १८० × १०० मिमी. फक्त रेडिओ, ब्लूटूथ आणि यूएसबी हवं असेल तर नॉबवाला सिंगल डिन डेक आजही सगळ्यात जास्त समाधान देतो. सीडी नसलेले डेक खोलीला आखूड असतात, मागे वायरींचा गुंता मावतो.

डब्यावरच्या ‘४ × ५० वॅट’ला भुलू नका. गाडीच्या १४.४ व्होल्टवर, पुलासारख्या जोडणीत, ४ ओहमच्या स्पीकरला विकृती न येता मिळू शकणारी सैद्धांतिक कमाल जेमतेम २६ वॅट. प्रत्यक्षात वीसच्या आसपास. ‘आरएमएस’ हा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा, आकडा वाचा, बाकी रंगरंगोटी.

सुरुवातीला जुन्या डेकचा चोरीविरोधी कोड हाताशी आहे का ते बघा, मग बॅटरीचं ऋण टोक काढा. मूळ वायरिंग कापू नका. गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर आणा. सर्वसाधारण रंग असे: पिवळी म्हणजे कायमचे १२ व्होल्ट, लाल म्हणजे चावीबरोबर येणारे, काळी अर्थ, निळी अँटेनाला वीज, निळी-पांढरी अँप्लिफायर चालू करायला, केशरी दिव्यांची. स्पीकरला पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळा पट्टा असलेली ऋण. तरीही मीटर लावल्याशिवाय रंगावर विश्वास टाकू नका. गाडी बंद केल्यावर डेक सगळी स्टेशनं विसरत असेल तर लाल-पिवळी उलटी लागलीय. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत हे हमखास होतं आणि म्हणूनच बऱ्याच डेकच्या वायरीत या दोन तारांना अदलाबदल करता येणारे बुलेट कनेक्टर दिलेले असतात. स्पीकरची ऋण तार चुकूनही बॉडीला लावू नका, आउटपुट चिप जळते.

नवा डेक लावल्यावर एफएम मेलं, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. दहापैकी आठ वेळा अँटेनाच्या मुळाशी असलेल्या बूस्टरला वीज पोहोचलेली नसते. आखूड किंवा शार्कच्या पाठीवरच्या परासारख्या अँटेनाला तो बूस्टर असतोच. निळी तार जोडा, किंवा वीज अँटेनाच्याच केबलमधून जात असेल तर तसा अ‍ॅडॅप्टर मधे घाला. आणि अँटेनाला लांबलचक एक्स्टेन्शन लावू नका. एफएमला तितकं कळत नाही, एएम त्यात गुदमरतं.

डीएबीसाठी काचेवर चिकटणारी अँटेना लावणार असाल तर तिची लांबी साधारण पाव लहर, म्हणजे ३७ सेंमीच्या आसपास, उभी राहील अशी चिकटवा आणि अर्थची तांब्याची पट्टी काचेच्या खांबाच्या उघड्या धातूला टेकवा. ती प्लास्टिकवर किंवा रंगावर चिकटवली की अर्धी स्टेशनं गेली. काचेला ऊन अडवणारा धातूचा थर असेल तर आतली अँटेना आंधळीच. तिथे छपरावर जावं लागतं.

खरखर फक्त काही वेळा येत असेल तर एकेक वस्तू उपसून बघा: डॅशकॅम, यूएसबी चार्जर, एलईडी बल्ब. स्वस्त चार्जरमधलं स्विचिंग हे नंबर एकचं कारण. डॅशकॅमची वायर अँटेनाच्या वायरीपासून लांब, दुसऱ्या खांबातून न्या.

मोठ्या तरंगत्या स्क्रीनचे अँड्रॉइड डेक दिसायला भारी असतात. बसवण्याआधी पुठ्ठ्याचा त्याच मापाचा तुकडा कापून डॅशबोर्डवर धरा. एसीची जाळी किंवा हॅझार्डचं बटण झाकलं जात असेल तर तिथेच थांबा. जाहिरातीतल्या अँड्रॉइड आवृत्तीवर आणि रॅमच्या आकड्यावर विसंबू नका, सेटिंगमधला तो मजकूर बदललेला असू शकतो. रेडिओ ऐकणाऱ्यासाठी यांचा ट्यूनर हा कच्चा दुवा. हे डेक पूर्ण बंद न होता झोपतात. बसवून झाल्यावर गाडी कुलूप लावून अर्धा तास ठेवा आणि बॅटरीच्या ऋण तारेत मालिकेत मीटर लावून मोजा. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जात असेल तर उभ्या गाडीची बॅटरी काही आठवड्यांत उताणी पडणार. कारण बहुतेक वेळा कॅन-बस डब्याची (गाडीच्या यंत्रणेचे संदेश डेकपर्यंत आणणाऱ्या डब्याची) चुकीची निवड, तो गाडी बंद झाल्याचं डेकला सांगतच नाही. पार्किंग ब्रेकची तार बॉडीला लावून चालत्या गाडीत व्हिडिओ सुरू करून देणारे बसवणारे भेटतील. ती तार ब्रेकच्या स्विचलाच लावून घ्या.

काहीच उघडायचं नसेल आणि डेकला ऑक्सचं भोक असेल तर ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर पुरतो. चार्जिंगसोबत वेगाप्रमाणे वाढणारी शीळ येत असेल तर ती अर्थच्या दोन वाटांमुळे. मधे ग्राउंड लूप आयसोलेटर घातला की जाते. सिगारेट लायटरमध्ये खुपसायचा एफएम ट्रान्समीटर सगळ्यात शेवटी विचारात घ्या. मोकळी फ्रिक्वेन्सी शहर बदललं की भरलेली निघते.

नवी गाडी घेताना या सगळ्याची चाचणी अर्ध्या तासात होते. शक्यतो संध्याकाळी जा. सीट आपल्या उंचीला लावा, पट्टा बांधा आणि विक्रेत्याला गप्प बसायला सांगा. बाष्प घालवणं, तापमान दोन अंश वर, हवा पायाकडे, आवाज शून्य, स्टेशन बदल, मीटरचा उजेड कमी: प्रत्येकाला किती टच लागतात ते शेजारच्याने कागदावर मांडावं. दोनवर गेलं की फुली. पोलरॉइड चष्मा वापरत असाल तर तो घालून बघा, काही एलसीडी त्यातून काळ्याठिक्कर दिसतात. हातमोजे घालत असाल तर तेही सोबत न्या. गाडी बंद करून पुन्हा सुरू करा आणि उलटा गिअर टाकल्यापासून कॅमेरा दिसेपर्यंत सेकंद मोजा. रेडिओ मात्र शोरूमच्या पत्र्याखाली तपासू नका. चाचणीच्या फेरीत बाहेर पडल्यावर, पुढची-मागची काच गरम करायची सोय चालू ठेवून आणि फोन चार्जिंगला लावून, आपल्या नेहमीच्या ऐकण्यातलं सगळ्यात क्षीण स्टेशन लावा.